चव्वेचाळिसांत दहा

पडद्यावर पोकर खेळाडू मॅट अ‍ॅफ्लेकचे दोन पत्ते जिथे दिसतात, बरोबर तिथे मी एक जुनं पोस्टकार्ड चिकटपट्टीने लावतो आणि मग तो डाव बघतो. किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. पत्ते पाठ आहेत, शेवटही पाठ आहे. तरी पोस्टकार्ड लागतंच. उघड्या पत्त्यांनी बघितला तर हा डाव एका वाक्यात संपतो : एकाकडे दोन एक्के, दुसऱ्याकडे दोन गुलाम, आणि शेवटचा पत्ता गुलामवाल्याच्या कामाचा निघाला. चला, नशीब म्हणायचं आणि पुढे जायचं. कोपरा झाकला की मात्र त्याच डावात एक माणूस बसलेला दिसायला लागतो. समोरच्याने सगळं मांडलेलं आहे, याच्या हातात अर्धवट जुळलेले पत्ते आहेत आणि ‘येतो’ म्हणायचं की ‘सोडतो’, एवढंच त्याला ठरवायचंय.

त्या माणसाचं नाव जोनाथन ड्यूहामेल. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या बूशरव्हिलचा. वय वर्षं बावीस, तेविसावा वाढदिवस महिन्याभरावर आलेला. जुलै २०१०, लास व्हेगसचं रिओ हॉटेल, ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा. १० हजार डॉलर भरून ७,३१९ जण बसले होते, त्यातले पंधरा उरले होते. नऊ उरले की खेळ थांबणार आणि ते नऊ जण थेट नोव्हेंबरमध्ये अंतिम टेबलावर भेटणार, अशी त्या काळची पद्धत होती.

पोकर न खेळणाऱ्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं, पण नियमांची पोथी मी उघडणार नाही. आपल्याकडे दिवाळीत खेळतात त्या तीन पत्तीत तीन पत्ते वाट्याला आले की हात ठरला. पुढे उरतो तो धीर आणि सोंग. नवा पत्ता यायचाच नसतो. त्यामुळे तीन पत्तीत ‘आत्ता हरतोय, पण पुढचा पत्ता आला तर जिंकेन’ ही अवस्थाच नाही. ती अवस्था आपल्याला ठाऊक आहे ती रमीतून. हातात पंजी-छक्की धरून बसलेल्या माणसाला चव्वी चालते आणि सत्तीही चालते. पंजी-सत्ती धरून बसलेल्याला मात्र छक्कीच हवी. रमी खेळलेल्या कुणालाही हा फरक बोटांच्या टोकांवर कळतो. टेक्सास होल्डेम नावाच्या पोकरमध्ये हीच रमीची आशा आणि तीन पत्तीचं सोंग एकाच ताटात वाढलेलं असतं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मधे पाच पत्ते सगळ्यांचे मिळून : आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, मग शेवटचा, तो रिव्हर. सातांतले उत्तम पाच ज्याचे, त्याचा डाव. आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे.

एक कबुली आधीच देतो. मी स्वतः पैसे लावून हा खेळ खेळत नाही. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर एकदा गेलो होतो, तासभर उभ्याने टेबल बघितलं आणि परत आलो. गाणं न येणाराही गाण्याचा रसिक असू शकतो, तसला मी.

तर डाव. ड्यूहामेलला दोन गुलाम आले. सुरुवातीची वाढ त्याने केली, त्याच्यामागे बसलेल्या अ‍ॅफ्लेकने ती आणखी वाढवली, ड्यूहामेलने पुन्हा वाढवून ३९ लाख २५ हजार चिप्सपर्यंत नेली आणि अ‍ॅफ्लेक नुसता ‘कॉल’ म्हणाला, म्हणजे न वाढवता तेवढंच भरलं. इथे पहिल्यांदा थांबायला हवं. पोस्टकार्डाखाली दोन एक्के आहेत. दोन एक्के घेऊन तिसऱ्या वाढीला फक्त कॉल करणं म्हणजे वाघाने गवतात बसून राहणं. बहुतेकांनी तिथेच सगळं मधे लोटलं असतं. अ‍ॅफ्लेकने आपला हात लपवला, आणि त्या लपवण्यामुळेच पुढचा सगळा प्रसंग घडला. त्याने तिथेच सगळं लावलं असतं तर दोन गुलामांनी काय केलं असतं, हा वाद पोकरवाल्यांनी खुशाल घालावा. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो आता ड्यूहामेलच्या डोक्यात अ‍ॅफ्लेकचं कोणतं चित्र तयार झालं यात. ‘याच्याकडे चांगले पत्ते आहेत, पण फार चांगले असते तर हा एवढा शांत बसला असता का?’ हे किडक्या दाण्यासारखं वाक्य तिथे पेरलं गेलं. पुढे ते उगवणार आहे.

फ्लॉप : दश्शी, नव्वी, सत्ती. दोन गुलामांना यापेक्षा देखणा फ्लॉप सापडणं अवघड, आणि यापेक्षा फसवाही. जमिनीवरच्या प्रत्येक पत्त्यापेक्षा गुलाम मोठा. शिवाय एखादी अठ्ठी आली तर सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम अशी ओळ लागते. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, तेव्हा ८५ लाखांच्या आसपास होते. ड्यूहामेलने ५० लाख लावले. अ‍ॅफ्लेकने ते भरले. पुन्हा वाढवलं नाही, पुन्हा शांत.

आणि टर्नला चौकटची राणी आली.

ही राणी मला या डावातली नायिका वाटते. एखाद्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक पात्र येतं, चार वाक्यं बोलतं आणि पुढचा सगळा अंक फिरवून जातं, तसं तिचं येणं. राणी येण्याआधी ड्यूहामेलकडे तयार हात होता : जमिनीवरच्या सगळ्यांपेक्षा मोठी जोडी. राणी आली आणि ती जोडी एका क्षणात बारीक झाली. ज्याच्या हातात एक राणी असेल तो आता पुढे. पण त्याच राणीने दुसऱ्या हाताने काहीतरी दिलंही. आधी ड्यूहामेलला ओळीसाठी फक्त अठ्ठी चालत होती, मधल्या भोकात बसणारा एकच पत्ता, रमीतल्या पंजी-सत्तीसारखा. राणी आल्यावर नव्वी, दश्शी, गुलाम, राणी अशी चार पत्त्यांची सलग ओळ झाली, दोन्ही टोकं उघडी. खाली अठ्ठी चालते, वर राजाही चालतो. तयार हात मोडला आणि आशेचा हात मोठा झाला, एकाच पत्त्याने. राणीने घेतलं किती आणि दिलं किती, याचा हिशोब त्या टेबलावर बसून करायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

ड्यूहामेलने ‘चेक’ केलं, म्हणजे काही न लावता पुढच्याकडे सोपवलं. आणि अ‍ॅफ्लेकने सगळं लावलं. १ कोटी १६ लाख ३० हजार.

अ‍ॅफ्लेकच्या या चालीचं कौतुक फारसं कुणी केलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून मी करतो. पुढचा पत्ता कुणाच्या तरी आशेचा असू शकतो अशी जमीन समोर असली, की पुढे असलेल्या माणसाचं काम एकच : आशेची किंमत वसूल करणं. फुकटात पुढचा पत्ता दाखवायचा नाही. पण किती किंमत? आपल्या पोस्टकार्डाखालच्या दोन एक्क्यांच्या विरुद्ध ड्यूहामेलला वाचवणारे पत्ते, ज्यांना खेळाडू आउट्स म्हणतात, ते मोजा. चार अठ्ठ्या, चार राजे आणि उरलेले दोन गुलाम. दहा. बावन्नांतले चार पत्ते या दोघांच्या हातात, चार जमिनीवर, उरले चव्वेचाळीस. चव्वेचाळिसांत दहा, म्हणजे शंभरात जेमतेम तेवीस. टर्नला पॉटमध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख होते. अशा वेळी ७७ लाखांच्या आसपास लावले असते तर ड्यूहामेलच्या कॉलमध्ये ना नफा ना तोटा. त्याहून कमी लावलं असतं तर अ‍ॅफ्लेकने आशा स्वस्तात विकली असती. तो ७७ लाखांच्या पुष्कळ वर गेला, आणि तरीही एवढा वर नाही की समोरचा विचार न करता पत्ते फेकेल. समोरच्याने चूक करावी असं वाटत असेल तर चुकीची किंमत त्याच्या आवाक्यात ठेवावी लागते. ही किंमत तशी होती.

आता ड्यूहामेलच्या खुर्चीत जाऊ. मधे सगळे मिळून सुमारे ३ कोटी १ लाख. त्यात त्याला १ कोटी १६ लाख टाकायचे आहेत. म्हणजे रुपयाला अडीच रुपयांहून थोडं जास्त मिळणार. असा भाव असेल तर शंभर वेळांत अठ्ठावीस वेळा जिंकता आलं तर बरोबरी सुटते. त्याच्याकडे तेवीस आहेत. पाच कमी. एक्के उघडे धरून हिशोब केला तर या एका ‘कॉल’ शब्दात साधारण एकवीस लाख चिप्सचा तोटा होता. एकदा खेळताना तो दिसत नाही, कारण एकदा खेळताना माणूस एक तर सगळं हरतो नाहीतर सगळं जिंकतो. हजार वेळा खेळला तर मात्र दिसतो.

हे गणित आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. नळाच्या आख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावर पानं किती, फळं किती हे सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजून बघतो, आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या, अक्षहृदय, देतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या घेण्याचं ठरतं. फाशांची विद्या आणि झाडाची पानं मोजण्याची विद्या एकाच माणसाकडे असावी, हे त्या कथाकाराला सहज सुचलं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधणं हेच त्या विद्येचं मर्म असणार. आणि जुगाराने देशोधडीला लागलेल्या नळाला शेवटी सोडवते ती जुगार सोडून देण्याची प्रतिज्ञा नव्हे, ती ही मोजणीच.

पण ड्यूहामेल एक्के बघून मोजत नव्हता. तो झाड बघून मोजत होता. पोस्टकार्ड लावायचं ते यासाठी.

अ‍ॅफ्लेकच्या हातात काय काय असू शकतं? दोन एक्के असू शकतात : दहा आउट्स. एक्का-राणी असू शकते : तेव्हाही दहा. दोन राजे असतील तर प्रकरण बिघडतं. दोन राजे त्याच्याच हातात अडकले, आणि वर गुलाम आला तर नव्वी-दश्शी-गुलाम-राणीच्या पुढे त्याचा राजा लागून ओळ त्याचीच होते. म्हणजे आशेचा पत्ताच घात करतो. उरतात सहा. दोन राण्या असतील तर तीन गुलाम तीन राण्यांपुढे तोकडे, म्हणून आठ. या सगळ्यांची सरासरी काढली तर विसाच्या आसपास, भावापेक्षा पुष्कळ कमी. इतपत विचार झाला की पत्ते टाकून द्यायला हवेत.

मग एक शक्यता उरते. एक्का आणि राजा. हे दोन पत्ते घेऊन एखाद्याने सुरुवातीला मोठी वाढ केली, वर आलेली वाढ भरली, फ्लॉपवर हट्टाने थांबला आणि राणी पाहून सगळं लोटून दिलं, तर? त्या वेळी ड्यूहामेल मागे नाही, पुढे आहे. जोडी गुलामांची, समोर जोडीच नाही. राजा आला तर समोरच्याची जोडी होते, पण ओळ ड्यूहामेलची लागते. समोरच्याला वाचवणारे पत्ते फक्त पाच : तीन एक्के आणि दोन गुलाम. शंभरातल्या जवळजवळ एकोणनव्वद वेळा ड्यूहामेल जिंकणार. आणि मी कागदावर मांडून पाहिलं आहे : अ‍ॅफ्लेककडे साधारण आठ-नऊ वेळांत एकदा जरी एक्का-राजासारखा रिकामा हात असेल, तरी कॉल बरोबरीत येतो. आठ-नऊ वेळांत एकदा. सगळा प्रश्न तेवढ्या फटीत अडकलेला आहे.

दोन गुलामांचा हात असा दुतोंडी आहे, आणि त्याची गोडीही त्यातच आहे. निव्वळ ड्रॉ, म्हणजे नुसत्या आशेवरचा हात, असता तर हा डाव शाळेतल्या गणितासारखा सुटला असता. आउट्स मोजा, भाव बघा, हो किंवा नाही म्हणा. रंगाचे चार पत्ते धरून बसलेला माणूस समोरचा खोटं बोलतोय का याचा विचारही करत नाही; त्याचा हात खोटं बोलणाऱ्यालाही हरवत नाही. गुलामांची जोडी मात्र थापेबाजाला हरवते. म्हणून ड्यूहामेलला दोन वेगळे प्रश्न एकाच वेळी सोडवायचे होते. एक, पत्त्यांचा : किती मला वाचवतील? दुसरा, माणसाचा : हा थापा मारेल का? पहिल्याचं उत्तर नेमकं होतं आणि पुरेसं नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर नव्हतंच. होतं ते सुरुवातीला पेरलेलं वाक्य. ‘फार चांगले पत्ते असते तर हा एवढा शांत बसला असता का?’

त्या वाक्याचा जोर किती धरायचा, यावर माझं ड्यूहामेलशी जमत नाही. पंधरा जण उरलेत. या जागी गेलं तर हातात ५ लाख डॉलर आणि वर १६५. नवव्या जागेपर्यंत पोचलं तर ८ लाख ११ हजार. पहिल्या जागेला ८९ लाखांवर. एवढं पणाला असताना आधी मुका राहून मग आयुष्यभराची पुंजी एक्का-राजावर लोटणारी माणसं असतात, पण विरळा. स्पर्धेतल्या चिप्सचा आणखी एक गुण आहे जो रोखीच्या खेळात नसतो : हरलेली चिप जिंकलेल्या चिपेपेक्षा जास्त दुखते. दुप्पट चिप्स झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही. सगळ्या गेल्या की मात्र सगळं जातं. ड्यूहामेलकडे चिप्स अ‍ॅफ्लेकपेक्षा जास्त होत्या, तो लगेच बाहेर पडणार नव्हता, तरीही या नियमाने भाव आणखी महाग होतो. दुसऱ्या बाजूला बक्षिसांची चढण इतकी वर झुकलेली की जिंकायला बसलेल्या माणसाने जोखीम घ्यावीच, असंही म्हणता येतं. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. मन पहिलीकडे झुकतं.

आणि खरी गोम टर्नला नाहीच, असं आता मला वाटतं. ती फ्लॉपवर लावलेल्या पन्नास लाखांत आहे. ते पन्नास लाख लावले तेव्हाच ठरलं की पुढे अ‍ॅफ्लेकने सगळं लावलं तरी ड्यूहामेलला अडीचपट भाव मिळणार, म्हणजे सोडवत नाही आणि गिळवत नाही असा भाव. माणूस टर्नला अडकला असं दिसतं; दोरी त्याने स्वतः फ्लॉपवर वळली होती. पत्त्यांच्या खेळात मोठे निर्णय फार वेळा असे मागच्या निर्णयाचं व्याज भरत असतात.

इथे डेव्हिड स्क्लान्स्कीला बोलवावं लागतं. ‘द थिअरी ऑफ पोकर’ या त्याच्या पुस्तकात एक मूलतत्त्व आहे. त्याचा मथितार्थ असा की समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जसं खेळला असता, त्यापेक्षा वेगळं खेळलात की तेवढा फायदा समोरच्याचा. त्या मापाने ड्यूहामेलचा कॉल चूकच. पण हे माप देवाचं आहे, आणि प्रेक्षकांना देव बनवणारा माणूस कोण होता ते सांगितलं पाहिजे. हेन्री ओरेन्स्टीन. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेला, पुढे अमेरिकेत खेळणी बनवणारा. ट्रान्सफॉर्मर्स ही जपानी खेळणी अमेरिकेत आणण्यात त्याचा हात होता. खेळाडूचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणाऱ्या टेबलातल्या कॅमेऱ्याचं पेटंट त्याने १९९५ मध्ये घेतलं. त्याआधी टीव्हीवरचं पोकर म्हणजे कपाळाला आठ्या घालून बसलेल्या माणसांचं मूकनाट्य. कॅमेऱ्याने खेळ घराघरात गेला आणि प्रत्येक सोफ्यावर एक सर्वज्ञ बसला. आपल्याला दोन एक्के दिसतात, दोन गुलाम दिसतात, पडद्यावर टक्के दिसतात. आपण म्हणतो, अरे सोड की! अंध धृतराष्ट्रासाठी संजय होता; इथे धृतराष्ट्र टेबलावर बसलेला आणि संजय सोफ्यावर. म्हणून पोस्टकार्ड.

ड्यूहामेलने वेळ घेतला. बराच. मला या डावातला सगळ्यात आवडता भाग विचाराल तर हाच, आणि त्यात घडत काहीच नाही. अ‍ॅफ्लेकच्या हातून सगळं सुटलेलं आहे. त्याला आता बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वासही बेतानेच घ्यायचा. ज्याच्याकडे उत्तम पत्ते आहेत तो असा बांधलेला आणि ज्याच्याकडे अर्धवट पत्ते आहेत त्याच्याकडे सगळी सत्ता. एखाद्या घरी मुलगी दाखवून पाहुणे गेल्यावर होकाराच्या निरोपाची वाट बघणारं घर जसं असतं, तसं अ‍ॅफ्लेकचं बसणं. कॉल यावा असं त्याने मनात म्हणायला हवं, कारण दर वेळी कॉलमध्ये त्याचा फायदा आहे. आणि कॉल येऊ नये असंही त्याच्या पोटात कुठेतरी असणार, कारण पत्ते न उघडता पॉट मिळाला तर चव्वेचाळिसांतले दहा पत्ते जन्मालाच येत नाहीत. बुद्धीला एक हवं आणि पोटाला दुसरं. ड्यूहामेलच्या पेचापेक्षा हा पेच मला जास्त मानवी वाटतो, आणि त्याला काही करायचंही नाही, नुसता सोसायचा आहे.

मग ड्यूहामेल ‘कॉल’ म्हणाला.

पत्ते उलगडले. मधे सुमारे ४ कोटी १७ लाख. सगळ्या ७,३१९ जणांना मिळून वाटलेल्या चिप्स होत्या २१ कोटी ९५ लाख ७० हजार. त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा एका ढिगात. रिव्हरला चौकटची अठ्ठी आली. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी.

एक बारीक गंमत सहसा कुणी सांगत नाही. राणीने ड्यूहामेलला नवीन दिलं होतं ते वरचं टोक, राजांचं. आली ती अठ्ठी, जी फ्लॉपपासूनच त्याची होती. राणी आली नसती आणि तिच्या जागी एखादी फालतू दुर्री पडली असती, तरी या अठ्ठीने त्याला वाचवलंच असतं. राणीने दिलेले चार राजे गड्डीत तसेच राहिले. तिने मन वळवलं असेल, पत्ता दिला नाही.

अ‍ॅफ्लेक पंधरावा आला. तो टेबलावरून उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांतलं पाणी लपलं नाही, आणि कॅमेरा त्याच्या मागे गेला. कॅमेऱ्याने जायला नको होतं, असं मला दर वेळी वाटतं, आणि दर वेळी मी ते बघतो. त्याने या डावात शेवटपर्यंत जे केलं त्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही; सुरुवातीच्या मौनावर वाद घालता येईल, टर्नच्या चालीवर नाही.

ड्यूहामेल ६ कोटी ५९ लाख ७५ हजार चिप्स घेऊन नोव्हेंबरच्या टेबलावर सगळ्यात पुढे बसला. माझा कौल विचाराल तर कॉल चुकीचा होता, थोडासाच, आणि आठ-नऊ वेळांतली ती एक वेळ त्याला खरोखर दिसली असेल तर तोही नाही. त्याला ती दिसली की दिसावीशी वाटली, हे पोस्टकार्ड लावूनही कळत नाही.

नोव्हेंबरमधल्या शेवटच्या डावात, जॉन रेसनरविरुद्ध, त्याच्याकडे एक्का आणि गुलाम होते. रेसनरकडे राजा आणि अठ्ठी. या वेळी सगळं लावलं ड्यूहामेलने आणि कॉल करायचा होता रेसनरला. त्याने केला. मधे चव्वी, चव्वी, नव्वी, छक्की, पंजी पडली. अठ्ठी आली नाही, राजा आला नाही, गुलामही नाही. एक्का मोठा होता, म्हणून एक्केवाला जिंकला.